मोतीसरांची पावडर

मोतीसरांच्या कानांच्या पाळ्या चमकायच्या. सकाळी शाळेला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी उन्हात आले की कान, भुवया, नखांच्या कडा, चष्म्याची दांडी, सगळं चांदणं पडल्यासारखं लकाकायचं. माणूस पन्नाशीला टेकलेला, रंगानं काळासावळा, अंगात कायम एकच खादीचा बुशकोट. अशा माणसाचे कान चमकतात म्हटल्यावर पोरं काय सोडतात? हायस्कूलच्या पोरांनी त्यांचं मोतीसर करून टाकलं आणि रेवणसिद्धप्पा हे खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. मी लग्न होऊन भवानी पेठेत त्यांच्या समोरच्या घरात आले, तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं हे गृहस्थ चोरून पावडर लावतात. सासूबाईंना मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "लावत न्हाईत गं बाई, बनवतात. आणि हसू नकोस."

त्यांची दुसरी ओळख म्हणजे ते चहा घेत नसत. सोलापुरात चहा न घेणारा माणूस म्हणजे तापच. आमच्याकडे हे कधी पेपर मागायला, कधी साखर द्यायला यायचे आणि मी कप पुढं केला की दोन्ही हात मागं बांधून उभे राहायचे. "नको वैनी. सोडलाय." मला वाटायचं, बामणाच्या घरचा चालत नाही की काय. एकदा मी फणकाऱ्यानं तसं बोलून गेले. सर तसेच मागं फिरले. सासूबाईंनी मात्र त्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं.

एका रविवारी सर सकाळी वह्या तपासत बसले होते. एक चहा झाला होता. "अजून अर्धा टाक की," असं त्यांनी आतल्या खोलीकडं बघत म्हटलं. त्यांच्या बायकोनं, गंगाक्कांनी, विझवलेला स्टोव्ह पुन्हा पेटवला, पंप मारला, आणि स्टोव्ह फुटला. डोळे वाचले, जीव वाचला. डावा गाल, हनुवटी आणि मान भाजून निघाली. तेव्हापासून गंगाक्का उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. दुधनीला भावाच्या घरी लग्न निघालं तरी गेल्या नाहीत. भाजीवालीला पैसे द्यायचे तर दाराच्या फटीतून हात तेवढा बाहेर यायचा. आणि त्या अर्ध्या कपानंतर सरांनी चहाला तोंड लावलं नाही.

मी मुळातच आगाऊ. कुणी दार लावून घेतलं की मला ते वाजवल्याशिवाय चैन पडत नाही. हळूहळू मी गंगाक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागले. पहिले काही दिवस त्या भिंतीकडं तोंड करून भाकरी थापायच्या. मग एक दिवस वळल्या आणि म्हणाल्या, "बघ एकदाचं. म्हंजे तुझंबी झालं आणि माझंबी." मी बघितलं. म्हटलं, "भाकरी करपतीय." त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या की बाहेरून सर धावत आले. त्या घरात हसू ऐकू आलं की सर घाबरत, इतकं ते दुर्मीळ झालं होतं.

बाजारातली स्नो-पावडर त्या व्रणांवर धरायची नाही. धरली तरी राख फासल्यासारखी दिसायची. सरांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं की मोत्यासारखी चकाकी असलेला पांढरा रंग असतो, तो कातडीला चिकटून बसतो आणि त्याच्यावर पडलेला उजेड असा पसरतो की खाचखळगे नजरेत भरत नाहीत. त्यांनी मुंबईहून त्या चकाकीची एक इवलीशी बाटली मागवली. गंगाक्कांनी बोटावर घेतली, गालाला लावली, आरशात बघितलं आणि सहज विचारलं, "कशाची असती हो ही?" दुसरा कुणी असता तर थाप मारून मोकळा झाला असता. पण सरांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाले, "मासळीच्या खवल्यांवरनं काढतात." गंगाक्कांनी एका हातानं गळ्यातलं लिंग घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं तोंडावर तांब्याच ओतून घेतला. "अय्यो शिवने! तोंडाला मासा लावू व्हय मी?" चूळ तर त्यांनी इतक्या वेळा भरली की जसा काही मासा गिळलाच होता. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघंही सांगताना हसले.

मग सर इरेला पेटले. खवल्यांशिवाय मोती करायचा. त्यासाठी बिस्मथ नावाचा धातू लागतो, पोटाच्या औषधात घालतात तोच. धातूचे खडे तेजाबात विरघळवायचे, ते पाणी गरम मिठाच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं, की तळाशी पांढरा साका बसतो. ऐकायला सोपं. पण पहिल्या वर्षी सरांनी जे काढलं ते सगळं निव्वळ खडू होतं. "पांढरं करणं काय, कुणीबी करंल वैनी," ते म्हणायचे. "चमकवणं अवघड. घाई केली की खडू, धीर धरला की मोती." मी विचारलं, दोन्ही पांढरेच तर फरक कसला? त्यांनी आमच्या दारातल्या पत्रावळींकडं बोट केलं. म्हणाले, "ह्या इस्कटून टाका. नुसता कचरा दिसंल. चवड लावा, मग उजेड एका अंगानं पडतो आणि एका अंगानं परततो. खडूचे कण इस्कटलेले, मोत्याचे चवडीत." त्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही. पण एवढं रसायनशास्त्र मला आजही येतं.

त्यांचं पालुपद होतं, 'अजून एक पाणी.' साक्यात तेजाब उरलं तर कातडी पोळेल, आणि गंगाक्कांची कातडी पुन्हा पोळणं ही गोष्ट सरांना स्वप्नातसुद्धा सोसणारी नव्हती. म्हणून तो साका धुवायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी गटारात ओतायचं, पुन्हा धुवायचा. "झालं की आता," मी म्हणायची. "अजून एक पाणी," सर म्हणायचे. आधी स्वतःच्या कानामागं लावून बघायचे, कारण तिथली कातडी नाजूक. कान चमकायचे ते त्यामुळं. तयार पावडर काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची, कारण उजेडानंसुद्धा ती मळकी होते. एवढं सांभाळणारा माणूस होता हो तो. म्हणूनच पुढचं आठवलं की माझा जीव अजून तळतळतो.

आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला नरसय्यांचा रंगकारखाना होता. चादरींचं सूत रंगवायचे. लाल, हिरवा असायचाच, पण त्यांचा काळा नामी होता. धुतला तरी उतरायचा नाही. तो काळा गंधकाचा असतो आणि त्याच्या हौदाचं पाणी दुपारी सोडलं की आमच्या गटारातून जायचं. कुजकट, नासक्या अंड्यासारखा वास. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा आठवडाभर पदर नाकाशी धरून होते. मग नाक मेलं. भवानी पेठेत सगळ्यांचंच मेलेलं. पाहुणे नाक मुरडायचे आणि आम्ही विचारायचो, "कसला वास? कुठाय?"

एका थंडीत मोती जमला. मी समोर बसले होते. गंगाक्कांनी शंखजिऱ्यात मिसळलेली ती पावडर गालावरून फिरवली आणि खिडकीकडं तोंड केलं. व्रण गेले नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू. पण गाल एकसारखा दिसत होता, आणि सबंध चेहऱ्यावर एक मऊ उजेड आला होता. सर दारात उभे होते. आत यायला धजत नव्हते. गंगाक्का आरशात बघत राहिल्या आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मी सरांना विचारलं, काय म्हणाल्या? सर म्हणाले, "म्हणाली, ही मीच हाय." आणि माणूस चक्क शीळ घालत परसात गेला.

संक्रांत झाली होती. माझ्या हळदीकुंकवाला यायचं गंगाक्कांनी कबूल केलं. एवढंच नाही, तर पुढच्या मंगळवारी स्वतःच्या घरी हळदीकुंकू करायचंही ठरवलं. वाण काय द्यायचं? सर म्हणाले, "हीच पावडर द्यायची. एकेकीला एकेक डबी." बायकोच्या उंबऱ्यावर सवाष्णी येणार म्हणून त्या माणसाला किती आनंद झाला असेल! त्यांनी एरवीच्या कितीतरी पट मोठा घाणा लावला. एरवी धुण्याचं पाणी सर सकाळी शाळेआधी ओतायचे. पण एवढा माल एका सकाळीत कुठला आवरायला. माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी सर दुपारपासून दारात बादल्या मांडून बसले होते.

गंगाक्का आल्या. गल्ली ओलांडायची म्हणजे चार पावलं. पण ती चालताना त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की रात्री बोटांचे वळ दिसत होते. हिरवं इरकल, नाकात नथ, चेहऱ्यावर तो उजेड. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. कुणीतरी "या की गंगाक्का!" म्हणालं आणि सगळ्यांनी सरकून जागा केली. त्या म्हणाल्या, "मला दारापाशीच बसू द्या. रस्ता बघत बसते." दाराखालूनच गटार जात होतं. माझी नणंद अकलूजहून आली होती. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "वैनी, आज लईच वास मारतोय गं." आम्ही तिला हसलो.

बायकांनी आग्रह धरला, नाव घ्या. गंगाक्का लाजल्या, पदर सारखा केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"शिंपल्याविना मोती केला घरच्या परातीत,
रेवणप्पांचं नाव घेते सवाष्णींच्या पंगतीत."

काय हशा झाला! गल्लीपलीकडं सरांनी मान वर केली. त्यांनी ऐकलं होतं. लाजून हसले, आणि हातातली बादली गटारात रिती केली. "अजून एक पाणी!" मी इथूनच ओरडले. त्यांनी मान डोलावली आणि दुसरी बादली ओतली.

पहिल्यांदा मला वाटलं, सावली पडलीय. गंगाक्कांच्या डाव्या गालावर, जिथं पावडर जाड बसली होती, तिथं राखाडी डाग दिसला. बघता बघता तो हनुवटीपर्यंत उतरला आणि तपकिरी झाला. मग कपाळ. कुणी कोळशाचा हात फिरवावा तसा तो चेहरा माझ्या डोळ्यांदेखत काळवंडत गेला, आणि त्या अजून हसत होत्या, पुढचं नाव कुणाचं म्हणून विचारत होत्या. एका बाईच्या मांडीवरची पोर म्हणाली, "आई, मावशीच्या गालाला काय झालं?" गंगाक्कांनी गालाला बोट लावलं. बोट बघितलं. बायका जमिनीकडं बघायला लागल्या. त्यांनी पदर तोंडावरून ओढून घेतला आणि तशाच, चाचपडत, गल्ली ओलांडून घरात गेल्या.

सर माझ्या दारात येऊन उभे राहिले, हातात रिकामी बादली. "काय झालं?" नणंद बिचारी म्हणाली, "वासानंच मळमळलं असंल त्यांना." सर म्हणाले, "कसला वास?" आणि मग ते गटाराकडं वळले. गंधकाचं काळं पाणी वरून येत होतं आणि सरांच्या बादल्यांतलं तेजाबी पाणी त्यात मिसळत होतं. ते घरात गेले, डबी आणली, झाकणात थोडी पावडर घेतली आणि उकिडवे बसून गटारावर धरली. ती काळी पडताना मी बघितली. सर ते झाकण कितीतरी वेळ तसंच धरून बसले.

"दर वर्षी शिकवतो मी," ते म्हणाले. "गंधकी पाण्यात तेजाब पडलं की वायू सुटतो. तो चांदी काळी करतो, बिस्मथ काळा करतो. फळ्यावर लिहून देतो पोरांना." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन्ही येळंला मीच, वैनी."

नाही हो सर, तुमचा काय दोष, असं मी म्हटलं. पण असल्या वेळी शब्द किती पोकळ असतात ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी गंगाक्कांकडं गेले. त्या पुन्हा भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "मला ठावं होतं गं. घरात लावून बसले की दुपारपतुर मळकी व्हायची. मी पुसून नवी लावत होते." मी ओरडलेच, मग सांगितलं का नाही? "कसं सांगू? स्टोव्ह फुटल्यापासनं हा माणूस मेल्यावानी हिंडत होता. त्या दिवशी शीळ घातली त्यानं. मला वाटलं, घटकाभर जाऊन येऊ, तेवढ्यात काय होतंय?" भाकरी उलटली. "त्यांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. सर तिच्यासाठी पावडर करत होते आणि ती सरांसाठी बाहेर पडली होती. असल्या जोडप्याचं वाटोळं करून देवाला काय मिळतं, हे मी सिद्धेश्वराच्या देवळात उभं राहून त्याला तोंडावर विचारलंय.

सरांनी परसातली सगळी मांडामांड मोडली. कानांची चमक गेली. पोरं मोतीसर म्हणतच राहिली, पण नव्या पोरांना कारण माहीत नव्हतं. दार बंद झालं ते झालंच. माझ्यापुरतं उघडायचं, पण आतलं हसू संपलं होतं.

काही वर्षांनी गंगाक्कांना कावीळ झाली. शेवटी शेवटी सर रात्रंदिवस उशाशी बसून होते. गेल्या त्या पहाटे. आम्ही बायका त्यांना न्हाऊ घालत होतो तेव्हा दाराबाहेरून सरांचा आवाज आला, "अजून एक पाणी घाला." मग ते आत आले. हातात काळ्या कागदातली डबी होती. एवढी वर्षं कुठं जपली होती कोण जाणे. म्हणाले, "वैनी, तुम्ही लावा." लिंगायतांत मृताला बसवून, तोंड उघडं ठेवून, फुलांच्या विमानातून नेतात. विधी करायला आलेले स्वामी म्हणाले, "तोंडाला विभूती लावायची असते, सर." सर म्हणाले, "विभूती वरनं लावा की. खाली हे असू द्या." स्वामींनी मान हलवली. मी लावली. पिवळ्या पडलेल्या त्या चेहऱ्यावर उजेड आला, अगदी तसाच.

तेवढ्यात नरसय्या दारात आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण गल्लीत कुणाला काय माहीत नसतं? म्हणाले, "सर, आज काळा लावलेला नाय मी. हौद झाकलाय, गटारात दहा घागरी चांगलं पाणी सोडलंय." सरांनी त्यांचे हात धरले.

विमान निघालं. त्या हळदीकुंकवानंतर पहिल्यांदाच गंगाक्का उंबऱ्याबाहेर आल्या. उघड्या तोंडानं, ताठ बसून, भर सकाळी, सगळ्या पेठेच्या डोळ्यांदेखत. मी कोपऱ्यापर्यंत गेले. तिथून मागं फिरले.

संध्याकाळी सर आमच्या दारात आले. आंघोळ करून आले होते, केस ओले होते. म्हणाले, "मी पुढं चाललो होतो. वळून बघायचा धीर झाला नाही. काळी पडली का हो?"

"नाही सर. कोपऱ्यापर्यंत मी बघितलं. पांढरीच होती. चमकत होती."

"कोपऱ्यापुढं गटार नाही," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या कानामागं आंघोळीनंही न गेलेली थोडी पावडर चिकटून होती. इतक्या वर्षांची जुनी, म्हणून आधी स्वतःला लावून बघितली असणार. मला तिथं उभं राहवेना. मी आत गेले आणि काही सुचेना म्हणून चहा टाकला. पुढं ठेवला तेव्हा लक्षात आलं, आता हात मागं बांधतील. त्यांनी कप उचलला. सावकाश, एकेक घोट, सबंध प्याले. माझी ही मेली जीभ सवयीनं बोलून गेली, "अजून अर्धा टाकू?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. रिकामा कप बशीत पालथा घातला, आवाज होऊ न देता.

"नको वैनी," ते म्हणाले. "आता कुणाला 'अजून अर्धा टाक' म्हणणार नाही मी."